बर्फ, आग आणि देह : हलक्याफुलक्या प्रणयकादंबरीतील हॉकीपटू व अग्निशामक

प्रास्ताविक

लोकप्रिय प्रणयकादंबरीत नायकाचा व्यवसाय हा सहसा त्याच्या स्वभावाचा संक्षेप असतो. कधीकाळी इंग्रजी प्रणयकादंबरीचा नायक जमीनदार असे. विसाव्या शतकाच्या मध्यास तो डॉक्टरचा पांढरा कोट घालून रुग्णालयात वावरू लागला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उत्तर अमेरिकेतील प्रणयकादंबरीत आणखी दोन व्यवसाय ठळकपणे पुढे आले आहेत. एक आइस हॉकीच्या व्यावसायिक खेळाडूचा आणि दुसरा अग्निशामक दलाच्या जवानाचा. हॉकी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ध्यानचंद किंवा खडकीचे धनराज पिल्ले उभे राहतात. येथे अभिप्रेत असलेला खेळ वेगळा आहे. बर्फाच्या बंदिस्त रिंगणात, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून, रबरी चकतीमागे धावणाऱ्या आणि एकमेकांना धडका देणाऱ्या खेळाडूंचा हा खेळ कॅनडाच्या लोकजीवनात क्रिकेट आपल्याकडे रुजले आहे तितका खोल रुजला आहे.

या कादंबऱ्या हलक्याफुलक्या असतात, सुखान्त असतात आणि त्यांचा शेवट वाचकाला आरंभीच ठाऊक असतो. याच कारणांनी वाङ्मयाच्या अभ्यासात त्यांना सहसा स्थान मिळत नाही. प्रस्तुत लेखात अशा काही कादंबऱ्यांच्या आधारे एका प्रश्नाचा विचार केला आहे : ज्या दोन व्यवसायांत माणसाचा देह रोज धोक्यात असतो, तेच व्यवसाय हलक्याफुलक्या कथेला का मानवतात? आणि या हलकेपणाची वाङ्मयीन व नैतिक कसोटी कोणती?

प्रकाराची पार्श्वभूमी

या वाङ्मयप्रकाराचा आणि कॅनडाचा संबंध जुना आहे. लंडनमध्ये १९०८ साली स्थापन झालेल्या ‘मिल्स अँड बून’ या प्रकाशनसंस्थेच्या कादंबऱ्या उत्तर अमेरिकेत पोहोचवल्या त्या १९४९ साली विनिपेग येथे सुरू झालेल्या ‘हार्लेक्विन’ने. पुढे १९७१ साली ‘हार्लेक्विन’ने ‘मिल्स अँड बून’ विकतच घेतली. भारतातील शहरांमधल्या फिरत्या वाचनालयांतून आणि पदपथांवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ही पातळ पुस्तके इंग्रजी वाचणाऱ्या अनेक पिढ्यांच्या हाती पडली. ती वाचली पुष्कळ गेली. त्यांच्याविषयी लिहिले मात्र फारच थोडे गेले.

इंग्रजी समीक्षेने या प्रकाराची दखल १९८० नंतर गांभीर्याने घेतली. टानिया मॉड्लेस्की यांचा ‘लव्हिंग विथ अ व्हेंजन्स’ (१९८२) आणि जॅनिस रॅडवे यांचा ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) हे दोन ग्रंथ या संदर्भात महत्त्वाचे ठरतात. रॅडवे यांनी अमेरिकेतील एका गावातील वाचक स्त्रियांशी बोलून असे दाखवले, की पुस्तक उघडून बसणे हीच त्या स्त्रियांच्या दृष्टीने घरकामातून स्वतःसाठी काढलेली सवड होती. पामेला रेजिस यांनी ‘अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल’ (२००३) या ग्रंथात प्रणयकादंबरीचे आठ आवश्यक घटक सांगितले : समाजाचे चित्र, भेट, अडथळा, आकर्षण, प्रेमाची कबुली, सर्व काही संपल्यासारखे वाटणारा प्रतीकात्मक मृत्यूचा क्षण, उलगडा आणि वचनबद्धता. कॅनेडियन समीक्षक नॉर्थ्रॉप फ्राय यांनी ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ क्रिटिसिझम’ (१९५७) मध्ये सुखात्मिकेचे जे विवेचन केले आहे, त्याच्याशी ही मांडणी बरीचशी जुळते. प्रेमिकांच्या मार्गात समाज अडथळा उभा करतो आणि अखेरीस त्यांच्याभोवती एक नवा, अधिक उदार समाज जमतो, हा सुखात्मिकेचा गाभा होय. हॉकीपटूच्या कथेत हा समाज म्हणजे संघ आणि अग्निशामकाच्या कथेत तो म्हणजे ठाणे.

सार्वजनिक देह

या दोन व्यवसायांत एक साम्य आहे. दोघांचाही देह सार्वजनिक आहे. हॉकीपटूचा देह प्रेक्षकांसाठी, संघमालकांसाठी आणि जाहिरातदारांसाठी असतो. उत्तर अमेरिकेतील राष्ट्रीय हॉकी लीग १९१७ साली माँट्रियल येथे स्थापन झाली. तिच्या एका नियमित हंगामात प्रत्येक संघाला ऐंशीहून अधिक सामने खेळावे लागतात. करारात तसे संरक्षण नसेल, तर खेळाडूला विचारल्याशिवाय एका शहरातून दुसऱ्या शहरातील संघाकडे पाठवता येते. त्याचे घर, त्याचे स्नेही, त्याचे प्रेम एका दूरध्वनीसरशी मागे पडते. मारामारी केल्यास पाच मिनिटे पेनल्टी बॉक्समध्ये बसण्याची शिक्षा आहे; म्हणजे मारामारीवर बंदी असली तरी तिची किंमत ठरलेली आहे. ही किंमत खरोखर कोण मोजतो, याचे उत्तर डेरेक बूगार्ड या खेळाडूच्या आयुष्याने दिले. मारामारीसाठीच ओळखला जाणारा हा खेळाडू २०११ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी मरण पावला आणि त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या आघातांशी निगडित असा विकार आढळला.

अग्निशामकाचा देह वेगळ्या अर्थाने सार्वजनिक आहे. तो पाहण्यासाठी नसून उपयोगासाठी आहे. कोणाही अनोळखी माणसासाठी तो आगीत शिरेल असे समाजाने गृहीत धरलेले असते. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क शहराच्या अग्निशामक दलातील ३४३ जणांनी प्राण गमावले, तेव्हा हे गृहीत किती जड आहे हे साऱ्या जगाने पाहिले. धोका केवळ ज्वाळांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाच्या कामातील संसर्गाचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोगकारक ठरणाऱ्या बाबींमध्ये केला. आग विझल्यावरही ती देहात शिल्लक राहते, असाच याचा अर्थ. दुसऱ्या बाजूला, हाच देह धर्मादाय निधीसाठी काढलेल्या दिनदर्शिकांवर उघड्या छातीने झळकतो. उपयोगाचा देह अशा रीतीने पुन्हा पाहण्याचा देह होतो.

या वास्तवाच्या पार्श्वभूमीवर हलक्याफुलक्या प्रणयकथेचे कार्य स्पष्ट होते. सार्वजनिक मालकीचा झालेला देह ती एका व्यक्तीला परत मिळवून देते. ज्याला हजारोंनी पाहिले आहे त्याला कोणीतरी एकाने ओळखावे, आणि जो सर्वांसाठी धावतो त्याच्यासाठी कोणीतरी घरी जागे असावे, ही तिची मूळ इच्छा आहे. या कादंबऱ्यांतील सर्वांत प्रभावी प्रसंग मैदानावर किंवा आगीच्या स्थळी क्वचितच घडतात. ते घडतात स्वयंपाकघरात, दुखऱ्या गुडघ्यावर बर्फ ठेवताना, चोवीस तासांच्या पाळीनंतर आलेल्या झोपेत. सुखान्ताची हमी हा या प्रकाराचा दोष मानला जातो. परंतु ज्यांच्या घरी परतण्याची हमी वास्तवात कोणीही देऊ शकत नाही, अशांच्या कथेत ती हमी हाच आशय ठरतो.

काही कादंबऱ्यांचे वाचन

रेचल गिब्सन यांची ‘सी जेन स्कोअर’ (२००३) ही कादंबरी या दृष्टीने लक्षणीय आहे. नायिका जेन ही सिअ‍ॅटलमधील एका वृत्तपत्रात लिहिणारी पत्रकार. हॉकीविषयी फारशी जाण नसताना तिच्यावर ‘चिनूक्स’ या काल्पनिक संघाच्या वार्तांकनाची जबाबदारी येते. संघाचा गोलरक्षक ल्यूक मार्टिनो पत्रकारांना दूर ठेवतो. त्याच्या घरी मात्र त्याच्यावर अवलंबून असलेली एक लहान सावत्र बहीण आहे. जेनचे एक गुपित आहे. पुरुषांच्या एका मासिकात ती टोपणनावाने शृंगारिक कथामालिका लिहिते. या मालिकेत ती ल्यूकवर बेतलेले पात्र घालते आणि छापून आलेला मजकूर वाचून ल्यूक स्वतःला ओळखतो. येथे रेजिस यांनी सांगितलेला प्रतीकात्मक मृत्यूचा क्षण येतो. त्याचे कारण बाहेरचा खलनायक किंवा गैरसमज नसून लेखन हेच आहे. विनोदी ढंगात चाललेली कथा अशा रीतीने आपल्याच प्रकारावर बोट ठेवते : दुसऱ्याच्या देहाची परस्पर कथा करण्याचा अधिकार लेखिकेला आहे काय? जेनचा अपराध लहान नाही, आणि कादंबरी तो लहान मानत नाही, हे तिचे बलस्थान होय.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डिअर्ड्रे मार्टिन यांच्या ‘बॉडी चेक’ या कादंबरीत हाच प्रश्न व्यवसायाच्या अंगाने येतो. ‘न्यूयॉर्क ब्लेड्स’ या काल्पनिक संघाची मालकी एका कंपनीकडे गेली आहे आणि खेळाडूंची रांगडी प्रतिमा धुऊन काढण्यासाठी जॅना ही जनसंपर्क अधिकारी नेमली जाते. कर्णधार टाय गॅलाघर या प्रयत्नांना विरोध करतो. त्याचे म्हणणे सरळ आहे : आपण खेळतो, तेवढे पुरे, उरलेला माणूस विक्रीस नाही. जॅनाची नोकरी मात्र तो उरलेला माणूस विकण्याचीच आहे. त्यामुळे त्यांच्या प्रेमातील अडथळा हा अहंकारांचा संघर्ष न राहता मालकीचा प्रश्न बनतो. कादंबरी हा प्रश्न हलक्या हाताने हाताळते आणि अखेरीस काहीशा घाईने मिटवते. तरी तो मांडला जातो.

याच मालिकेतील ‘टोटल रश’ (२००५) या कादंबरीत हॉकीपटूंच्या कुटुंबगोतावळ्यात अग्निशामक प्रवेश करतो. ‘ब्लेड्स’चा खेळाडू मायकल दान्ते याची चुलत बहीण जेमा ही न्यूयॉर्कमध्ये गूढविद्येच्या वस्तूंचे दुकान चालवते. योग्य जोडीदार मिळावा म्हणून ती मंत्रप्रयोग करते आणि तिच्या पुढ्यात येतो तो तिच्या कल्पनेतील सोबत्याशी कोणतेही साम्य नसलेला, शेजारी राहणारा अग्निशामक शॉन केनिली. मंत्र चुकला की बरोबर लागला, यावर कथेतील विनोद उभा आहे. परंतु या विनोदाच्या मुळाशी एक विचार आहे. जेमाचा विश्वास अदृश्यावर, तर शॉनचे आयुष्य धूर, पाणी आणि शिडी यांसारख्या ठोस गोष्टींत गेलेले. दोघेही आपापल्या परीने अनिश्चिततेशी व्यवहार करतात. ती मंत्राने, तो सरावाने. २००१ नंतर अवघ्या चार वर्षांनी न्यूयॉर्कच्या अग्निशामकाला सुखान्त कथेत बसवणे हे वरवर धाडसाचे वाटत नाही. वीराला स्मारकावरून उतरवून शेजारच्या दारात उभे करणे मात्र त्या काळात सोपे नव्हते. स्मारकातील वीराला कंटाळा येत नाही, तो भांडत नाही, चुकत नाही. शेजाऱ्याला हे सर्व करता येते. येथे हलकेपणा हा अग्निशामकाला दिलेला मानवी हक्कच ठरतो.

गुपित आणि उघडेपणा

कॅनेडियन लेखिका रेचल रीड यांच्या ‘गेम चेंजर’ (२०१८) आणि ‘हीटेड रायव्हलरी’ (२०१९) या कादंबऱ्यांत दोन पुरुषांमधील प्रेम आहे. त्यांचे प्रकाशन ‘हार्लेक्विन’च्याच एका शाखेने केले, ही बाब या प्रकाराच्या वाटचालीच्या दृष्टीने बोलकी आहे. ‘गेम चेंजर’मध्ये न्यूयॉर्क संघाचा कर्णधार स्कॉट हंटर याचा खेळ बिघडलेला असतो. एके दिवशी तो फळांच्या पेयाच्या दुकानातून एक पेला घेतो, सामना जिंकतो आणि केवळ शकुन म्हणून त्याच दुकानात परत परत जाऊ लागतो. पेय देणारा किप हा इतिहासाचा पदवीधर. शकुनापासून प्रेमापर्यंतचा हा प्रवास अस्सल सुखात्मिकेच्या वळणाचा आहे. पुढे मात्र स्कॉटच्या गुप्ततेचा भार किपवर पडू लागतो. प्रसिद्ध माणसाच्या घरात त्याला अदृश्य राहावे लागते. अखेरीस विजेतेपदाच्या रात्री स्कॉट बर्फावरच, साऱ्या प्रेक्षकांसमोर, किपचे चुंबन घेतो. येथे देह पुन्हा सार्वजनिक होतो, पण या वेळी मालकाच्या नव्हे, स्वतःच्या इच्छेने.

‘हीटेड रायव्हलरी’मध्ये माँट्रियलचा शेन हॉलंडर आणि बोस्टनचा रशियन खेळाडू इल्या रोझानोव्ह हे प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षे चोरून भेटत राहतात. प्रसारमाध्यमांनी त्यांचे वैर विकायला काढलेले असते आणि त्या वैराच्या आडोशाला त्यांचे प्रेम वाढते. स्कॉट आणि किप यांचा तो जाहीर क्षण हे दोघे दूरचित्रवाणीवर पाहतात. एका कादंबरीचा शेवट दुसरीत अशा रीतीने घटना होऊन येतो. तरीही त्यांची कथा जाहीर घोषणेने संपत नाही. इल्याने ओटावाच्या संघात जावे, दोघांनी मिळून एक धर्मादाय संस्था उभारावी, असा संसारी बेत आखून ती थांबते. या कादंबरीवरील मालिका नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडातील ‘क्रेव्ह’ या वाहिनीवर आली आणि तिला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. वास्तवात ल्यूक प्रोकोप याने २०२१ साली आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले, तेव्हा राष्ट्रीय हॉकी लीगमधील संघाशी करारबद्ध असलेला तो असा पहिलाच खेळाडू होता. आणि २०२३ साली लीगने सरावाच्या वेळी विशेष प्रसंगांचे पोशाख घालणे थांबवले. या दोन तथ्यांच्या मधल्या जागेत ही कादंबरी उभी आहे. तिचा सुखान्त वास्तवाचे वर्णन नसून वास्तवाकडे केलेली मागणी आहे.

मर्यादा

या प्रकाराचे गुण मान्य करताना त्याच्या उणिवांकडे डोळेझाक करता येत नाही. पहिली उणीव मौनाची आहे. यातील बहुतेक कादंबऱ्यांत खेळाडूंची वेशभूषा-खोली म्हणजे थट्टामस्करी करणाऱ्या भावांचे घर असते. कॅनडातील हॉकी महासंघाने लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून झालेला एक दावा तडजोडीने मिटवल्याचे २०२२ साली उघड झाले. प्रकरण संसदीय समितीपुढे गेले. पुढे न्यायालयात उभ्या राहिलेल्या पाचही खेळाडूंची जुलै २०२५ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. निकाल काहीही असला तरी त्या खोलीतील संस्कृतीविषयी देशभर जे प्रश्न विचारले गेले, ते हलक्याफुलक्या कादंबरीच्या दाराबाहेरच राहतात. धोका पडद्याआड ठेवण्याचा तिला अधिकार आहे. पण इतरांना पोहोचणारा धोकाही पडद्याआड गेला, तर हलकेपणाचे रूपांतर बेफिकिरीत होते.

दुसरी उणीव वाचनव्यवहारातील आहे. २०२३ साली समाजमाध्यमांवरील काही वाचकांनी सिअ‍ॅटलच्या खऱ्याखुऱ्या संघातील एका खेळाडूला आपल्या कल्पनेतील नायक ठरवून त्याच्याविषयी उघड लैंगिक मजकूर प्रसृत केला. खेळाडूने व त्याच्या पत्नीने जाहीर आक्षेप घेतला. ‘सी जेन स्कोअर’मध्ये जेनने सिअ‍ॅटलच्याच काल्पनिक गोलरक्षकावर केलेला अन्याय वीस वर्षांनी त्याच शहरात खरा झाला, असे म्हणावे लागेल. कादंबरीने दिलेला इशारा तिच्याच वाचकांपैकी काहींच्या कानी पडला नाही. देह परत मिळवून देणारी कथा देह हिरावून घेण्याचे निमित्त झाली, ही या प्रकाराची सर्वांत गंभीर शोकान्तिका होय.

तिसरी उणीव भूमिकांच्या वाटपाची आहे. धोक्यात जाणारा देह बहुधा पुरुषाचा असतो; स्त्री असल्यास ती पत्रकार, जनसंपर्क अधिकारी वा दुकानदार असते. २००२ साली हर्षिनी कान्हेकर यांनी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि भारतातील पहिल्या महिला अग्निशमन अधिकारी म्हणून त्या ओळखल्या गेल्या. उत्तर अमेरिकेत स्त्रियांची व्यावसायिक हॉकी लीग २०२४ च्या आरंभी सुरू झाली. वास्तवातील स्त्रिया बर्फावर आणि आगीत उतरल्या आहेत. त्यांची वाट पाहणारा, त्यांच्यासाठी जेवण झाकून ठेवणारा नायक या प्रकाराने अजून पुरेशा प्रमाणात घडवलेला नाही. अशा नायकाची कथा लिहिली गेली, तर प्रणयकादंबरीतील कोमलतेचा अर्थच पालटू शकेल.

निष्कर्ष

मराठी समीक्षेला हा वाद अगदीच परका नाही. फडके-खांडेकर यांच्या काळात कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या प्रश्नावर बरीच शाई खर्च झाली. त्या वादात रंजन आणि जीवन हे दोन पक्ष समोरासमोर उभे केले गेले आणि रंजन करणारी कृती जीवनाविषयी काही सांगत असेल ही शक्यता मागे पडली. हॉकीपटू आणि अग्निशामक यांच्या प्रणयकथा त्या शक्यतेचा पुनर्विचार करायला लावतात.

या कथांचा हलकेपणा हा ओझे नसल्याचा पुरावा नाही. ओझे आहे, ते क्षणभर खाली ठेवण्याची जागा या कथा देतात. ज्या कादंबरीला त्या ओझ्याचे वजन ठाऊक आहे, ती हलकी असूनही उथळ होत नाही. ‘सी जेन स्कोअर’, ‘टोटल रश’ आणि ‘हीटेड रायव्हलरी’ ही त्याची उदाहरणे होत. जिला ते ठाऊक नाही, तिच्या हाती केवळ गणवेश आणि स्नायू उरतात. तेव्हा या प्रकाराची समीक्षा करताना शेवट गोड आहे की नाही, हे पाहून भागणार नाही. जो देह इतरांसाठी झिजला, तो अखेरच्या पानावर त्याच्या स्वतःच्या मालकीचा झाला की नाही, हे पाहिले पाहिजे. वाङ्मयाच्या वर्गात हा प्रश्न विचारला गेला, तर विद्यार्थी दप्तरात लपवून वाचतात त्या पुस्तकांविषयी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल, आणि ते बोलणे अभ्यासक्रमाबाहेरचे ठरणार नाही.